एकशे चौदा नंबरचं झुडूप

त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलचा चिमटा असायचा, म्हणून सगळे त्याला चिमटाच म्हणायचे. प्राध्यापक म्हणायचे, शिपाई म्हणायचे, पोरं तोंडावर काका आणि पाठ फिरली की चिमटा. त्याची बायकोसुद्धा ऑफिसच्या फोनवर मला विचारायची, चिमटा निघाला का हो? त्याला राग यायचा नाही. राग येणं हे परिचराच्या कामात बसत नाही, असं तो म्हणायचा.

वनस्पतिशास्त्राच्या विभागात तो परिचर आणि मी टायपिस्ट. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर, अशी तेहतीस वर्षं मी त्या खुर्चीत काढली. आता रिटायर झाले आहे, त्यामुळे जिभेला हाड उरलेलं नाही. कुणाला झोंबलं तर त्याने पाणी प्यावं.

चिमट्याचं काम ऐकायला सोपं. सहलीला गेलेली पोरं पिशव्या भरून झाडपाला आणायची. हा तो जुन्या वर्तमानपत्रात एकेक करून पसरायचा, वर खाली दोन फळ्या ठेवून पट्ट्याने आवळायचा आणि दहा-बारा दिवस रोज आतला कागद बदलायचा. ओला कागद राहिला की बुरशी आलीच. सुकलं की जाड पांढऱ्या कागदावर सुई-दोऱ्याने टाचायचं, कोपऱ्यात मी टाइप केलेली चिठ्ठी चिकटवायची, नाव, जागा, तारीख, कुणी आणलं, आणि मग लोखंडी कपाटात. असे अठरा हजार कागद त्याने आणि त्याच्या आधीच्या परिचराने मिळून लावले होते. आम्ही त्या खोलीला वाळवणाची खोली म्हणायचो. डांबराच्या गोळ्यांचा असा वास की आत गेलेला माणूस सर्दी बरी होऊनच बाहेर यायचा.

या खोलीत विद्यापीठाने ज्ञान ठेवलं होतं, आणि कुलूप लावून ठेवलं होतं. बाहेरच्या कुणाला एखादा कागद बघायचा तर अर्ज, अर्जावर आपल्या संस्थेची सही, मग आमच्या विभागप्रमुखांची सही, आणि विभागप्रमुख कायम मीटिंगमध्ये. भेट देणाऱ्यांचं एक रजिस्टर होतं. तीस वर्षांत त्यात दोनशे बारा सह्या झाल्या, त्यातल्या निम्म्या पंख्याखाली बसायला आलेल्यांच्या. तरी हेच विभागप्रमुख, आमचे साहेब, भाषणात म्हणायचे की हा संग्रह म्हणजे जगाचा ठेवा आहे. जगाला तो कुठे आहे हेच माहीत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

आता मुद्द्याचं सांगते. मी नोकरीला लागून तीन महिने झाले होते, हंगामी होते. साहेब तेव्हा साहेब नव्हते, तरुण लेक्चरर होते, डॉक्टरेटसाठी विषय शोधत होते आणि सापडत नव्हता. एकाच आठवड्यात दोन सहली झाल्या, एक खाडीवर, एक डोंगरावर. डोंगराच्या सहलीत पोरं वर चढली आणि हे पायथ्याशी जीपमध्ये बसले, कारण गुडघा दुखत होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते यांनी जीपमधून केलं. पोरांनी जे आणलं ते पिशवीत गेलं, पिशवी चिमट्याकडे आली.

कागद बदलायचा एक नियम होता. टेबलावर एका वेळी एकच गठ्ठा उघडायचा. प्रत्येक झाडाबरोबर नंबराची एक सुटी चिठ्ठी असते, जुन्या कागदातून झाड उचललं की तिलाही उचलून नव्या कागदात ठेवायची. दोन गठ्ठे एकदम उघडले की चिठ्ठ्यांची अदलाबदल व्हायला एक झुळूक पुरते. त्या दिवशी चिमट्याने दोन्ही उघडले. का, तर चार वाजता कर्मचारी विरुद्ध प्राध्यापक असा क्रिकेटचा सामना होता आणि हा विकेटकीपर. सामना आम्ही जिंकलो. चिमट्याने रीडर साहेबांना यष्टिचीत केलं, त्याचा आनंद आम्हाला पुढे वर्षभर पुरला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कागद बदलायला बसला आणि एकशे चौदा नंबरपाशी अडला. नंबर डोंगराचा, पण पान जाड, गुबगुबीत. त्याने पानाचा एक तुकडा जिभेला लावला. असली परीक्षा कुठल्या पुस्तकात नाही, ती त्याची स्वतःची. पान खारट होतं.

तो तसाच उठून लेक्चरर साहेबांच्या टेबलाशी गेला. मी बाजूलाच चिठ्ठ्या टाइप करत बसले होते. साहेबांनी तोवर ते झुडूप बघितलं होतं आणि त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. खाऱ्या जमिनीत वाढणारं झुडूप, आणि तेही डोंगरावर! चिमटा हळूच म्हणाला की सर, चिठ्ठी बदलली असेल माझ्याकडून, हे खाडीचं वाटतंय. साहेबांनी वर न बघता सांगितलं, "चिकटवणं तुझं काम. ओळखणं माझं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, एकशे चौदाला जागा डोंगर टाका. मी डोंगर टाकलं. खोलीत आम्ही तिघंच होतो.

त्या एका कागदावर पुढे जे उभं राहिलं, ते बघून कुणाचीही शुद्ध हरपेल. साहेबांनी स्वतःचा प्रबंध लिहिला की कधीकाळी समुद्र डोंगरापर्यंत होता आणि हे झुडूप त्याची खूण आहे. डॉक्टर झाले. मग लोक डोंगरावर जाऊन झुडूप शोधायला लागले, ते काही सापडेना. त्यावर दुसरा प्रबंध आला, साहेबांच्याच हाताखाली, की ते शेळ्यांनी खाल्लं. तिसरा प्रबंध शेळ्यांवर. चौथ्यात असं निघालं की शेळ्या खारं खात नाहीत, तेव्हा पाचव्यात शेळ्यांच्या सवयी बदलल्या. पाच जण डॉक्टर झाले, सगळ्यांना कुठे ना कुठे नोकऱ्या लागल्या. बिचाऱ्या शेळ्यांची बाजू घ्यायला कुणी नव्हतं. साहेब रीडर झाले, प्रोफेसर झाले, विभागप्रमुख झाले. आणि चिमटा दर प्रबंधाच्या परीक्षेला पाण्याचे ग्लास ठेवायला मागे उभा.

मी त्याला एकदा विचारलं होतं, पोटात दुखत नाही का रे तुझ्या? तो म्हणाला, मी सांगितलं होतं, माझं काम झालं. मीही मान डोलावली. मी तोवर पर्मनंट झाले होते.

हे असंच चालू राहिलं असतं आणि आम्ही सगळे सुखाने रिटायर झालो असतो. पण चिमट्याला एक लेक होती. हुशार, आणि हट्टी. लहानपणी शाळा सुटली की वाळवणाच्या खोलीत येऊन बसायची, मला मावशी म्हणायची, टाकलेल्या चिठ्ठ्यांवर चित्रं काढायची. तिने आमच्याच विभागात एम.एस्सी. केलं आणि पहिली आली. साहेबांनी चिमट्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, जी त्याला त्या केबिनमध्ये आधी कधी मिळाली नव्हती, आणि म्हणाले, तुझ्या लेकीला मी माझ्याकडे घेतो पीएच.डी.ला. परिचराची मुलगी डॉक्टर होईल. विषय एकशे चौदाच. त्या डोंगराच्या मातीत अजून मीठ कसं टिकून आहे, ते तिने सिद्ध करायचं.

चिमटा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. घरी जाऊन त्याने लेकीला सांगून बघितलं की नेचे घे, शेवाळ घे, हे झुडूप नको. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला वाटतं मला जमणार नाही? झालं. यापुढे बाप काय बोलणार? तो गप्प बसला, आणि ते गप्प बसणं चार वर्षं चाललं.

चार वर्षं ती पोरगी डोंगरावरून माती आणून तपासत होती. मीठ निघत नव्हतं. साहेब म्हणायचे, पुन्हा तपास, तुझा हात बसलेला नाही. ती पुन्हा जायची, पुन्हा गोणी भरून आणायची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि त्या गोण्या जिन्यावरून वर चढवून द्यायला तिचा बापच. त्याला ठाऊक होतं की यात मीठ नाही, आणि तरी तो गोणी खांद्यावर घेऊन दोन मजले चढायचा. मला ते बघवायचं नाही. म्हणून मी कॉम्प्युटरमध्ये बघायचे.

तिच्या चौथ्या वर्षी वरून आदेश आला की सगळा संग्रह इंटरनेटवर टाका. साहेबांना ते पसंत नव्हतं. उद्या कुणीही उठून बघेल, म्हणाले. पण आदेश म्हणजे आदेश. चिमटा एका स्टँडखाली कागद ठेवून फोटो काढायचा, मी चिठ्ठीवरचा मजकूर भरायचे. आठ महिन्यांत अठरा हजार कागद झाले. एकशे चौदा आला तेव्हा चिमटा दोन मिनिटं थांबला. मी म्हटलं, काढ फोटो, कोण बघतंय. आम्हाला त्या दोनशे बारा सह्यांची सवय.

फोटो वर गेले आणि अकराव्या दिवशी एका बाईने खाली लिहिलं. ती कुठल्याशा किनाऱ्यावर मिठागरात मुकादम होती. तिने लिहिलं होतं की हे झुडूप आमच्या बांधावर आहे, मी लहानपणापासून त्यावरून चालते. फोटो मोठा करून बघा, मुळाशी एक गोगलगाय चिकटली आहे, तांदळाएवढी. ही खाडीच्या चिखलाशिवाय जगत नाही. तुमच्या डोंगरावर ती कशी चढली? आणि शेवटी लिहिलं होतं, कुणाला बघायचं असेल तर या.

मी फोटो मोठा केला. होती गोगलगाय. पाच डॉक्टर, त्यातला एक विभागप्रमुख, तीस वर्षं, आणि मुळाशी कुणी भिंग लावलं नव्हतं. ती मिठागरातली बाई जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघून मोकळी झाली.

साहेबांचा पहिला प्रश्न होता, तिचं शिक्षण काय? दुसरं काम त्यांनी केलं ते मी मेले तरी विसरणार नाही. मला पत्र टाइप करायला लावलं, जावक क्रमांकासकट, की संबंधित बाईंनी आपला आक्षेप योग्य मार्गाने तीन प्रतींत सादर करावा. मी विचारलं, साहेब, पत्ता काय टाकू? ते म्हणाले, वेबसाइटचा टाका. मी टाकला. पोस्टातून ते पाकीट परत आलं, त्यावर 'पत्ता अपूर्ण' असा शिक्का होता.

तोवर त्या फोटोखाली जत्रा भरली होती. गोगलगायींवर आयुष्य काढलेला एक रिटायर्ड खलाशी आला, नकाशे काढणारी एक बाई आली, कोण कुठले शाळामास्तर आले. कुणी कुणाचं शिक्षण विचारत नव्हतं. पुरावा काय तेवढं विचारत होते, आणि चुकलेल्याला तिथल्या तिथे सांगत होते की चुकलास. आमच्याकडे एवढं सांगायला तीन समित्या लागतात. आणि साहेब? साहेबांनी गोगलगायीलाच हाताशी धरलं. बघा, म्हणाले, समुद्र होता ना डोंगरावर! खलाशाने उत्तर दिलं की हा शंख ताजा आहे, हजारो वर्षांपूर्वीचा नाही. साहेब म्हणाले, हे मत झालं. शेवटी त्या नकाशावाल्या बाईने विचारलं, झाडं सुकवताना रोजची नोंद ठेवली जाते, ती वही आहे का? साहेबांनी विभागाच्या वतीने लिहिलं, अशी वही विभागात नाही.

ते खरं होतं. वही विभागात नव्हती, चिमट्याच्या घरी होती. त्याची स्वतःची, शाळेची दोनशे पानी, कुठल्या दिवशी कुठला गठ्ठा उघडला याची. लेकीने त्याला त्याच संध्याकाळी विचारलं, बाबा, अशी वही कुणी ठेवायचं का? तो नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं. वहीत त्या दिवशीची ओळ होती. दोन गठ्ठे उघडले. आणि दुसऱ्या दिवशीची, एकशे चौदा खारट, चिठ्ठी बदलली असेल, सरांना सांगितलं. प्रबंध द्यायला तीन महिने उरले होते. वही दाखवली तर लेकीची चार वर्षं पाण्यात, साहेब तिला दारातही उभं करणार नाहीत. नाही दाखवली तर ती खोट्यावर डॉक्टर होईल, जसे आधीचे पाच झाले. काय करू, असं त्याने मला विचारलं.

मी काय सांगितलं ते आता लपवत नाही. मी म्हटलं, गप्प बस. तीस वर्षं बसलास, अजून तीन महिने बस.

त्याने माझं ऐकलंही असतं. पण त्याच आठवड्यात लेकीने नवव्यांदा माती तपासली, नवव्यांदा मीठ निघालं नाही, आणि ती घरी येऊन म्हणाली की मी सोडते. माझ्या हातातच काहीतरी खोट आहे. साहेब म्हणतात ते बरोबर असेल, हे माझं काम नाही.

चिमटा मला म्हणाला, ती रडली असती तर मी सहन केलं असतं. पण तिने स्वतःलाच दोष दिला, आणि दोष माझा होता. तो उठला, पेटीतून वही काढली, ते पान उघडलं आणि तिच्या ताटाशेजारी ठेवली. तिने वाचलं. हात धुतले, पुसले, पुन्हा वाचलं. मग विचारलं, "चार वर्षं तुम्ही गोण्या उचलत होतात?"

त्याने हो म्हटलं. ती म्हणाली, का? तो म्हणाला, तुझ्या नावामागे डॉक्टर लागावं म्हणून. चुकीच्या झाडावर? तो म्हणाला, साहेबांच्या लागलंच की. हे ऐकून तिने ताट बाजूला सारलं, आणि त्या दिवसापासून बापाशी बोलणं बंद. चहा हवा असेल तर आईला सांगायची, आई चिमट्याला सांगायची. एका घरात तीन माणसं आणि त्यातली एक टपालखातं.

पण पोरीने काम सोडलं नाही. दोन दिवसांचा बसचा प्रवास करून ती त्या मिठागरावर गेली. मुकादम बाईने तिला बांधावर नेलं, झुडूप दाखवलं, उपटून मुळाशी बोट लावलं. गोगलगायी होत्या. ती बाई तिला म्हणाली, एवढ्या लोकांनी एवढं लिहिलं, बघायला तू एकटी आलीस. परत येऊन तिने प्रबंधाला सहावं प्रकरण जोडलं. पहिल्या पाच प्रकरणांत डोंगराची माती, नऊ तपासण्या, शून्य मीठ. सहाव्यात गोगलगाय, मिठागर आणि बापाच्या वहीचं पान, फोटोसकट.

तुम्ही म्हणाल, साहेबांनी सही कशी केली? अहो, तीस वर्षं मी त्यांचे कागद टाइप केले, मला विचारा. साहेब प्रबंधातलं एकच पान वाचायचे, आभाराचं. आपलं नाव पहिल्या ओळीत आहे का आणि मागे 'परमआदरणीय' आहे का, एवढं बघायचे आणि सही ठोकायचे. पोरीला हे माहीत होतं, कारण मी सांगितलं होतं. तिने परमआदरणीय दोनदा लिहिलं. साहेब खूश झाले.

तोंडी परीक्षा खुली असते. एरवी चहा-बिस्किटांसाठी अकरा माणसं यायची. या वेळी नियमाप्रमाणे इंटरनेटवरही दाखवायची होती, आणि त्या गोगलगायीपायी सहाशे माणसं पडद्यावर येऊन बसली. साहेबांना वाटलं, आपली कीर्ती. ते नवा कोट घालून आले होते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्क होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि त्यांच्या प्रतीत जागोजागी कागदाचे तुकडे खोचलेले. या बाईंनी प्रबंध वाचला आहे, हे मी दारातूनच ओळखलं.

त्यांनी थेट सहावं प्रकरण उघडलं. म्हणजे हे झुडूप डोंगरावर कधी नव्हतंच, असं तुमचं म्हणणं आहे? पोरगी हो म्हणाली. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. मग त्यांनी घाईघाईने ते पान चाळलं आणि सावरले. हुशार माणूस, नाही कशाला म्हणू. म्हणाले, परिचराच्या हातून चूक झाली असेल तर खेदाची गोष्ट आहे, पण विभागाला कुणी कळवलंच नाही. ही ओळ कुणी कालही लिहू शकतं. आणि शेवटी वही विद्यार्थिनीच्या वडिलांची आहे, हे समितीने लक्षात घ्यावं.

त्यांनी एका दगडात दोघांना मारलं होतं. बाप खोटारडा आणि लेक त्याच्या जिवावर पुढे आलेली. पोरगी वळली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा बापाकडे बघून बोलली.

"बाबा, तुम्ही यांना सांगितलं होतं का?"

चिमटा मागे भिंतीशी उभा होता, हातात ग्लासांचा ट्रे. त्या हॉलमध्ये एवढ्या वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याने साहेबांकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. म्हणाला, "सांगितलं होतं. पण हळू सांगितलं होतं."

साहेब म्हणाले, मला आठवत नाही.

मी कोपऱ्यात इतिवृत्त टाइप करत होते. माझं काम लिहून घ्यायचं, बोलायचं नाही. पण माझी बोटं थांबली आणि मी उभी राहिले. मी म्हटलं, साहेब, मी ऐकलं होतं. मी तुमच्या बाजूच्या टेबलावर होते. तुम्ही म्हणालात, चिकटवणं तुझं काम. आणि जागा डोंगर अशी चिठ्ठी मीच टाइप केली.

परीक्षक बाईंनी चष्मा काढला आणि मला विचारलं, मग तुम्ही एवढी वर्षं का बोलला नाहीत?

मला कुणी विचारलं नाही, असं उत्तर तोंडात तयार होतं. पण पडद्यावर सहाशे माणसं होती आणि समोर ती पोरगी होती, जी माझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची. मी म्हटलं, मी हंगामी होते. मला पर्मनंट व्हायचं होतं.

बाईंनी ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं आणि मला म्हणाल्या, हेही इतिवृत्तात टाका. मी बसले आणि टाकलं.

आम्हाला बाहेर काढून समिती अर्धा तास आत बसली. निकाल असा की पदवी द्यावी. बाईंनी शेरा लिहिला की विद्यार्थिनीच्या नऊही तपासण्या अचूक आहेत, तिच्या हातात खोट नव्हती. साहेबांचं काय झालं विचाराल तर काही नाही झालं. विभागप्रमुखांना काही होत नसतं. महिन्याभरात त्यांनी 'संशोधनातील चुकांचं महत्त्व' या विषयावर ऑनलाइन व्याख्यान दिलं आणि गोगलगाय आपल्यालाच सापडल्यासारखी दाखवली. खाली मिठागरातल्या बाईने लिहिलं, पाहुणे, एकदा या बघायला. ते अजून गेलेले नाहीत.

पण त्या दिवशी निकाल सांगून सगळे पांगले तेव्हा व्हरांड्यात आम्ही तिघंच उरलो. चिमटा रिकामे ग्लास घेऊन नळाकडे निघाला होता. लेक बाकावर बसली होती, प्रबंध मांडीवर. तो तिच्यासमोर थांबला आणि म्हणाला, "झालीस ना डॉक्टर?"

"झाले."

"मग बोल की माझ्याशी."

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. राग होता, नाही असं नाही. चार वर्षांच्या गोण्या होत्या तिच्या डोळ्यांत. म्हणाली, "बोलेन. पण आज नाही."

ती पिशवी उचलून जिना उतरून गेली. चिमट्याने ट्रे कठड्यावर ठेवला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला की आज नाही म्हणाली, म्हणजे उद्या बोलेल. मी त्याला म्हटलं, उद्या नाही, परवा धर. आणि माझ्याशी ती कधी बोलेल ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी नळ सोडला आणि त्याच्याबरोबर ग्लास धुवायला लागले.